आपणच आपणांस आवरणारा अग्नि

उष्ण प्रदेशांतील वनस्पति युरोपांत जगवावयाच्या, तर हिंवाळ्यांत काचगृह तापविलें पाहिजे, हें तेथील माळी फार पूर्वींपासून जाणून होते. भट्टींतील उष्ण धूर ते भिंतींतील पोकळ मार्गांतून खेळवीत. परंतु अग्नि भडकला तर पानें करपत आणि पहांटे मंदावला तर झाडें गारठून मरत. म्हणून भट्टीपाशीं कोणींतरी रात्रभर जागावें लागे. उष्णता निर्माण करणें सोपें होतें. तिला मर्यादेंत ठेवणें, हाच खरा प्रश्न होता.

त्याचें उत्तर बागेंत नव्हे, तर कोंबडीच्या अंड्यांपाशीं सांपडलें. १७७७ च्या सुमारास पॅरिस येथें बोनमँ नांवाच्या संशोधकानें अंडीं उबविण्यासाठीं नळांतून कढत पाणी फिरविलें. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे व निवालेलें जड होऊन पुनः बंबांत उतरे. परंतु उबेंत फार चढउतार झाला तर अंडीं वायां जात. म्हणून त्यानें बंबाच्या पाण्यांत शिशाची नळी बुडवून तींत लोखंडी सळई बसविली. सारख्याच उष्णतेनें शिसें लोखंडाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावतें. हा सूक्ष्म फरक तरफेनें वाढवून त्यानें भट्टीच्या हवेच्या झडपेस जोडला. पाणी अधिक तापलें कीं झडप मिटे. निवालें कीं उघडे. अग्नीचा लगाम अग्नीच्याच हातीं आला.

१८२० नंतर कढत पाण्याचे नळ इंग्लंडांतील काचगृहांत पसरूं लागले. १८३० सालीं अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें दोन धातूंच्या जोडपट्टीच्या वांकण्यावर चालणाऱ्या नियामकाचें पेटंट घेतलें व त्यास ‘थर्मोस्टॅट’ हें नांव दिलें.

तथापि नियामक उष्णता मापून देतो, इंधन देत नाहीं. चॅट्सवर्थ येथें १८३६ ते १८४० या काळांत जोसेफ पॅक्स्टननें उभारलेल्या विशाल काचगृहास आठ बंब व सुमारें सात मैल लांबीचे नळ ऊब देत. पहिल्या महायुद्धांत कोळशाची टंचाई झाली, बंब थंडावले व झाडें मेलीं; १९२० सालीं ती इमारतच पाडण्यांत आली.

आज तापमान विद्युत्-उपकरणें मोजतात, आणि कढत व निवालेलें पाणी योग्य प्रमाणांत मिसळणाऱ्या झडपा संगणक फिरवितो. माळ्याचें रात्रीचें जागरण संपलें आहे. परंतु मोजावें, इष्ट मर्यादेशीं ताडून पाहावें आणि चूक तत्काळ सुधारावी, हा क्रम बोनमँच्या शिशाच्या नळीनें घालून दिला तोच आहे. जें इंधन मिळतें तें वायां न दवडण्याचा उपायहि तोच आहे.