आधी काटकसर, मग करवाढ : सचिवपदापासून गोखल्यांच्या अर्थसंकल्पीय भाषणापर्यंत

पुणे-सातारा मार्गावर नीरेच्या काठी वसलेले सारोळे हे आज भोर तालुक्यातील गाव आहे. ज्या भोरच्या नावाने हा तालुका ओळखला जातो, ते पंत सचिवांचे संस्थान होते. सचिव हे अष्टप्रधानांतील हिशेबतपासणीचे पद. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर 'सुरनीस' या फारसी नावाच्या जागी 'सचिव' हे संस्कृत नाव आले. महाल-परगण्यांचा जमाखर्च तपासणे व राजपत्रांतील मजकूर शुद्ध करणे ही त्याची मुख्य कामे होती. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले, पद वंशपरंपरागत बनले आणि त्यातूनच भोर संस्थान उभे राहिले. खर्चावर नजर ठेवणारा अधिकारी स्वतःच मुलखाचा धनी व्हावा, हा इतिहासातील विरोधाभास म्हणावा लागेल. तरीही खर्चाची तपासणी हे राज्यकारभाराचे स्वतंत्र अंग आहे, ही जाण आपल्याकडे जुनी आहे एवढे निश्चित.

कर वाढविण्यापूर्वी सरकारने आपला खर्च आवरावा, हा विचार आधुनिक स्वरूपात मांडला तो एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राने. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) शेतसारा व लोकल फंडाचे ओझे एका बाजूस आणि कामगारांचे, म्हणजे सरकारी नोकरांचे, भरमसाट पगार दुसऱ्या बाजूस ठेवून दाखविले. मात्र या विचाराला आकडेशास्त्राची बैठक दिली ती गोपाळ कृष्ण गोखले यांनी.

१८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मूळ प्रश्नावरच बोट ठेवले : खर्च करणारा कर देणाऱ्यास जबाबदार नसेल, तर काटकसर होणार तरी कशी? लष्कर आणि युरोपीय अधिकाऱ्यांचे वेतन या दोन बाबींवर त्यांचा मुख्य रोख होता. पाच वर्षांनी, २६ मार्च १९०२ रोजी, कलकत्त्याच्या कायदेमंडळात त्यांनी पहिले अर्थसंकल्पीय भाषण केले. त्या वर्षी सरकारने सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती आणि सभागृहात अभिनंदनाचा सूर होता. गोखले त्यात सामील झाले नाहीत. १८९९-१९०० च्या दुष्काळाने रयत खचलेली असताना तिजोरी भरते, याचा अर्थ देश समृद्ध आहे असा नसून कर गरजेपेक्षा अधिक आहेत असा होतो, हे त्यांनी दाखविले. रुपयाचा भाव घसरल्यामुळे विलायतेस पाठवावयाच्या रकमांचा बोजा वाढला, म्हणून करवाढ झाली होती. रुपया १६ पेन्सांवर स्थिर झाला तरी ते कर कायम राहिले. मिठावरील कर १८८८ मध्ये मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. १९०३ मध्ये तो २, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया झाला. याचे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे अतिशयोक्तीचे ठरेल, परंतु त्यांच्या युक्तिवादाचा त्यात वाटा होता हे नाकारता येत नाही.

येथे एक गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून अनेकदा निसटते. गोखले केवळ कपातवादी नव्हते. लष्करावरील पैसा वाचवून तो प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची मागणी होती. १९११ चे त्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक याच विचाराचे पुढील पाऊल होय. म्हणून 'अनाठायी खर्च' म्हणजे काय, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने हिशेबाइतकाच अग्रक्रमाचाही होता.

नंतरच्या काळात काटकसर समित्या पुष्कळ झाल्या. १९२२-२३ च्या इंचकेप समितीने मोठी कपात सुचविली, तरी १९२३ मध्ये मिठावरील कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्यात आला. मध्यवर्ती विधानसभेचा विरोध डावलून व्हाइसरॉयने आपल्या विशेषाधिकाराने तो लादला. म्हणजे काटकसरीचा अहवाल आणि करवाढ एकाच वेळी!

स्वतंत्र महाराष्ट्रात शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९८६ च्या सुमारास, शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग झाला. मागील वर्षीचा खर्च गृहीत न धरता प्रत्येक योजनेचे समर्थन नव्याने मागावयाचे, हे त्याचे तत्त्व. समर्थन मागणे सोपे असते. चालू योजना व मंजूर पदे बंद करणे राजकीयदृष्ट्या अवघड. हा प्रयोग फार काळ टिकला नाही, त्याचे एक कारण येथेच शोधावे लागते. जुन्या सचिवाला निदान महालाचा जमाखर्च मागण्याचा अधिकार होता. खाते बंद करण्याचा अधिकार त्यालाही नव्हता.