बारा जणांचा निकाल, नऊ जणांचा निकाल

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की कधी ना कधी ज्यूरी ड्यूटीचं पत्र येतंच. आपल्या घरांत त्यावर पहिला प्रश्न असतो, ‘यातून सुटायचं कसं?’ सुटायच्या आधी एक जुनी कादंबरी वाचा, असं मी सुचवेन: ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’.

जुलै १९५२. मिशिगनच्या उत्तरेला, लेक सुपीरिअरच्या काठी, बिग बे नावाचं लहानसं गाव. एका लष्करी अधिकाऱ्यानं तिथल्या बारच्या मालकाला गोळ्या घातल्या. मालकानं आपल्या बायकोवर बलात्कार केला, असं त्याचं म्हणणं. त्याचं वकीलपत्र घेतलं जॉन व्होल्कर यांनी. हे आधी बरीच वर्षं त्याच भागाचे सरकारी वकील होते. खून करताना आरोपी भानावर नव्हता, असं धरून ज्यूरीनं त्याला सोडलं.

याच खटल्यावरून व्होल्कर यांनी रॉबर्ट ट्रेव्हर या टोपणनावानं कादंबरी लिहिली. १९५८ साली ती आली आणि तुफान खपली. तोवर ते मिशिगनच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती झाले होते!

कादंबरीतला खरा गाभा कोर्टात नाही, तुरुंगातल्या भेटीत आहे. ‘काय घडलं?’ हे नीट विचारण्याआधीच वकील अशिलाला खुनाच्या आरोपातून सुटण्याचे कायदेशीर मार्ग समजावून सांगतो. मग अशील हळूहळू आठवू लागतो, की त्या वेळी आपण भानावर नव्हतो. हा सल्ला, की पढवणं? वकिलीच्या नीतिमत्तेवर बोलताना लोक आजही हा प्रसंग काढतात. मला विचाराल तर ते पढवणंच आहे, फक्त फार सभ्यपणे केलेलं.

१९५९ च्या जुलैत यावरचा सिनेमा आला. त्यात न्यायाधीश झालेले जोसेफ वेल्च हे खरेखुरे वकील. १९५४ च्या सुनावणीत सिनेटर मॅकार्थींना भर सभेत सुनावणारे ते हेच.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या होत्या. पुन्हा लष्करी गणवेश, पुन्हा पत्नी, पुन्हा ज्यूरी. नऊपैकी आठ जणांनी ‘निर्दोष’ म्हटलं. पण सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली, १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच राहिली नाही.

मिशिगनमध्ये तशी सोय नव्हती, आजही नाही. बारा जणांनी ‘निर्दोष’ म्हटलं की वरचं कुठलंही कोर्ट तो निकाल फिरवू शकत नाही. मग वकिलानं अशिलाला आधी काय सांगितलं होतं, हे त्या बारा जणांना कधी कळो वा न कळो.

कादंबरीतला लेफ्टनंटही सुटतो. आणि वकिलाची फी बुडवून बायकोसह गाव सोडतो.