निबच्या टोकावरचा थेंब

जुने फाउंटन पेन हाती आले की जाणता संग्राहक त्याचा रंग किंवा टोपणावरची सोनेरी पट्टी नंतर पाहतो. भिंग आधी निबच्या टोकावर धरले जाते. विशेषतः टोक अतिरुंद असेल, तर पेनची खरी कथा तेथेच असते.

रुंद टोकाचा सोस फाउंटन पेनहून कितीतरी जुना आहे. बोरूने लिहिणारा लेखनिक चाकूने त्याचे टोक तिरके छाटत असे. या छाटीला ‘कत’ म्हणत. कत रुंद असला की हात न दाबता अक्षरात जाड-बारीक रेघा आपोआप उमटत. देवनागरीचे डौलदार वळण या कताने घडवले. युरोपात हेच काम पिसाच्या लेखणीने केले. मात्र रोमन अक्षरांत जाडी ज्या तिरप्या रेघेवर येते, देवनागरीत ती नेमकी उलट तिरप्या रेघेवर येते.

एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी पोलादी निबा स्वस्त केल्या. त्यांची टोके बहुधा अणकुचीदार असत आणि रेघेची जाडी हाताच्या दाबावर ठरू लागली. पोलाद शाईने गंजे. सोने गंजत नसे, पण कागदावर घासून झिजे. उपाय निघाला तो प्लॅटिनमच्या गाळातून. १८०३ मध्ये स्मिथसन टेनंट यांनी त्यात इरिडियम आणि ऑस्मियम हे धातू शोधले. १८३४ मध्ये जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी त्यांच्या नैसर्गिक मिश्रधातूचा कण सोन्याच्या निबला जोडला. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉन हॉलंड यांनी फॉस्फरसच्या साहाय्याने इरिडियम वितळवले. (आज ‘इरिडियम’ असे कोरलेल्या अनेक निबांत इरिडियम नसतेच!) १८८४ मध्ये वॉटरमन यांना शाईच्या प्रवाहावरील पेटंट मिळाले. तेव्हापासून निबचे लेखनगुण त्या चिमुकल्या थेंबाच्या घासणीवर अवलंबून राहिले.

रुंद टोक विस्मृतीतून परत आणण्याचे मोठे श्रेय एडवर्ड जॉन्स्टन यांचे. मध्ययुगीन हस्तलिखिते अभ्यासून १८९९ पासून ते लंडनमध्ये सुलेखन शिकवू लागले. १९०६ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. पुढे इटॅलिक वळणाची हौस वाढली आणि चपट्या टोकाच्या निबांना नवे चाहते मिळाले.

आता पेच असा की घासणीत धातू फक्त कमी होतो. अतिरुंद निबच्या टोकावर धातू भरपूर, म्हणून तिला घासून चपटी ‘स्टब’, कोरीव ‘इटॅलिक’ किंवा तिरकी ‘ऑब्लिक’ करता येते. देवनागरीसाठी उलट तिरका कतही देता येतो. पण अशा प्रत्येक घासणीत एक मूळ अतिरुंद निब कायमची नाहीशी होते. तिच्याबरोबर आणखीही काही जाते. वर्षानुवर्षे एकाच हाताने लिहिलेल्या निबच्या टोकावर एक बारीक सपाट झीज तयार होते. पहिला मालक पेन किती तिरके धरी, डावखुरा होता का, याचा अंदाज त्या झिजेवरून बांधता येतो. सराईत कारागीर ती काही मिनिटांत पुसतो आणि निब लोण्यासारखी चालू लागते.

म्हणून नवशिक्याने सोन्याच्या जुन्या निबला पॉलिश कागद लावण्याची घाई करू नये. एस्टरब्रुक कंपनीच्या पोलादी निबा फिरवून काढता-बसवता येत. त्यांत स्टब आणि इटॅलिक हे प्रकार कारखान्यातूनच येत. प्रयोगाची हौस आधी तेथे भागवावी.