केशकर्तनालयांतील रक्तदाब-उपचार

अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांच्या उच्च रक्तदाबाचे निदान व उपचार त्यांच्या नेहमीच्या केशकर्तनालयातच करण्याची पद्धती. या समाजात उच्च रक्तदाब तुलनेने लहान वयात जडतो. पक्षाघात, हृदयविफलता व मूत्रपिंड निकामी होणे यांचे प्रमाणही श्वेतवर्णीयांपेक्षा जास्त आढळते.

कारणे : गरिबी, आरोग्यविमा नसणे आणि नियमित डॉक्टर नसणे ही प्रमुख कारणे मानली जातात. आनुवंशिकतेचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. वैद्यकावरील अविश्वास हेही एक कारण असून त्याला सबळ आधार आहे. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांचे केवळ निरीक्षण करण्यात आले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही ते त्यांना दिले गेले नाही.

पूर्वपीठिका : बॉल्टिमोरचे हृदयरोगतज्ज्ञ एलायजा सॉन्डर्स यांनी चर्च व केशकर्तनालये यांतून रक्तदाब-तपासणीचा पुरस्कार केला.

डॅलस : हृदयरोगतज्ज्ञ रोनाल्ड व्हिक्टर यांनी डॅलस परगण्यातील १७ केशकर्तनालयांत नियंत्रित चाचणी घेतली. केस कापायला आलेल्या गिऱ्हाइकाचा रक्तदाब कारागीरच मोजी व तो वाढलेला दिसल्यास डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह धरी. डॉक्टरची सही असलेले कार्ड परत आणणाऱ्याचे केस फुकट कापले जात. तुलनेच्या गटात फक्त माहितीपत्रके वाटली होती. रक्तदाब आटोक्यात आलेल्यांच्या प्रमाणातील वाढ तुलनेच्या गटापेक्षा ८.८ टक्के-अंकांनी अधिक भरली. परिणाम खरा, पण माफक होता.

लॉस एंजेलिस : डॅलसमधील परिणाम माफक ठरल्यामुळे व्हिक्टर यांनी येथील पुढच्या चाचणीत फार्मासिस्टलाच दुकानात आणले. ५२ केशकर्तनालयांतील ३१९ पुरुष तीत सहभागी झाले. सर्वांचा वरचा रक्तदाब १४० किंवा त्याहून अधिक होता, आणि सर्वजण त्या दुकानाचे नेहमीचे गिऱ्हाईक होते. एका गटात कारागीर गिऱ्हाइकाची फार्मासिस्टशी गाठ घालून देई. फार्मासिस्ट तेथेच रक्तदाब मोजी, रक्तातील क्षार तपासी आणि रुग्णाच्या डॉक्टरशी झालेल्या करारानुसार औषध लिहून देई किंवा मात्रा वाढवी. सुरुवात बहुधा ॲम्लोडिपिन या औषधाने होई. दुसऱ्या गटातील कारागीर आहार-व्यायामाचा आणि डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला देत.

सहा महिन्यांत पहिल्या गटाचा सरासरी वरचा रक्तदाब १५२.८ वरून १२५.८ वर आला. दुसऱ्या गटाचा १५४.६ वरून १४५.४ वर. १३०/८० च्या खाली आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६३.६ व ११.७ टक्के होते. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्हिक्टर यांचे त्याच वर्षी निधन झाले. चाचणीला एक वर्ष झाल्यावरही १३०/८० च्या खाली असलेल्यांच्या प्रमाणातील फरक टिकून होता : ६८ टक्के विरुद्ध ११ टक्के.

मूल्यमापन : या यशात कारागिराचा वाटा किती व फार्मासिस्टचा किती, हे आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. मात्र सल्ला दोन्ही गटांना मिळत होता. औषध जागेवर लिहून देण्याची सोय एकाच गटात होती. पहिल्या गटातील सर्वजण सहा महिन्यांत औषधावर होते, दुसऱ्यातील सुमारे ६३ टक्के. ओळखीच्या माणसाने विश्वास मिळवून द्यावा आणि त्याच ठिकाणी उपचारही मिळावा, या जोडणीत पद्धतीचे खरे बळ आहे. नुसत्या तपासणी-शिबिरांकडून एवढ्या परिणामाची अपेक्षा ठेवू नये.

मर्यादा : दोन्ही चाचण्या पुरुषांपुरत्याच होत्या.