नगरसमुदाय आणि कलाश्रय : जालना जिल्ह्यातील बहुसांस्कृतिक वारशाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या सांस्कृतिक वारशाचा विषय निघाला की वेरूळ आणि अजिंठा ही दोन नावे प्रथम पुढे येतात. ते स्वाभाविकही आहे. परंतु या दोन नावांच्या तेजात शेजारच्या जालना जिल्ह्याचा वारसा झाकोळला गेला आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्रपणे अस्तित्वात आला. तत्पूर्वी त्याचा बहुतांश भाग औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर तालुका परभणी जिल्ह्यात समाविष्ट होता. प्रशासकीयदृष्ट्या जिल्हा नवा असला, तरी व्यापारी मार्गावरील वसतिस्थान म्हणून या प्रदेशाचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे.

प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. या प्रदेशातील कला व उत्सव कोणाच्या आश्रयावर उभे राहिले? राजाश्रय हे त्याचे रूढ उत्तर आहे. उपलब्ध पुरावा मात्र वेगळी दिशा दाखवतो. येथे कलेला प्रामुख्याने बाजारपेठेच्या गावात एकत्र आलेल्या भिन्नभाषी, भिन्नधर्मी नगरसमुदायाने पोसले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

भोगवर्धन : दात्यांचे नगर

केळना नदीच्या काठावरील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. प्रतिष्ठानहून (पैठण) उत्तरेकडे उज्जयिनीस जाणाऱ्या मार्गाच्या परिसरात हे नगर वसले होते. सातवाहनकाळात पैठण व तेर येथील माल भडोच बंदराकडे जात असल्याचे वर्णन पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात आढळते. या व्यापाराच्या जाळ्याचा भोगवर्धन हा एक घटक होता.

या नगराचा उल्लेख त्याच्या सीमेबाहेर, सांचीच्या स्तूपावर कोरलेल्या दानलेखांत मिळतो. सांचीच्या कठड्याच्या व फरसबंदीच्या शिळांवर शेकडो दात्यांची नावे आहेत. त्यांत भिक्षू, भिक्षुणी, गृहस्थ, व्यापारी व स्त्रिया यांचा समावेश होतो. अनेक दात्यांनी आपल्या नावासोबत गावाचे नाव कोरवून घेतले असून त्या गावांमध्ये भोगवर्धन आहे. राजाच्या एका मोठ्या दानातून नव्हे, तर असंख्य लहान दानांतून एक महान शिल्पसमूह साकार झाला आणि त्यात आजच्या जालना जिल्ह्यातील नागरिकांचा वाटा होता, ही बाब लक्षणीय आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचा लेखही प्रसिद्ध आहे.

हस्तिदंताचाच धागा भोकरदनकडे परत आणतो. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी डॉ. शां. भा. देव व डॉ. आर. एस. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे संयुक्त उत्खनन केले. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक खंडित भाग मिळाला. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे विलक्षण साम्य आहे. पॉम्पेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेले. त्यामुळे ती मूर्ती तत्पूर्वीच तेथे पोहोचली होती, हे निश्चित आहे. ती भोकरदन परिसरात घडली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. तिच्या तळाशी असलेल्या खरोष्ठी अक्षरखुणेमुळे वायव्य भारताशीही तिचा संबंध जोडला जातो. हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. एकाच शैलीची कारागिरी दख्खनच्या एका बाजारपेठेत आणि रोमन साम्राज्यातील एका घरात आढळते. आशियाई वारसा हा शब्दप्रयोग भोकरदनच्या संदर्भात अतिशयोक्त ठरत नाही.

जालना शहर : सराई, छावणी आणि बाजारपेठ

मध्ययुगात हे केंद्र जालना शहराकडे सरकलेले दिसते. मलिक अंबरच्या काळातील जमशेदखान या अधिकाऱ्याचे नाव येथील काळी मशीद, सराई आणि मोती तलाव यांच्याशी जोडले जाते. तलावाचे पाणी भूमिगत नळांद्वारे शहरात आणले होते आणि सराईच्या चौकात मोठा हौद होता, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. मशिदीशेजारी सराई आणि सराईत पाणी, ही रचनाच प्रवासी व व्यापारी यांचा विचार करून झालेली आहे. मलिक अंबर स्वतः आफ्रिकेतील हबशी देशातून गुलाम म्हणून आणला गेला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. दख्खनमधील तत्कालीन समाज किती विविध घटकांचा होता, हे यावरून ध्यानात येते. जालन्याच्या समृद्धीची ख्याती दूरवर होती. १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या पेठेवर केलेली स्वारी सर्वज्ञात आहे. 'जालना, सोने का पालना' ही लोकोक्ती याच समृद्धीची निदर्शक आहे. तिची भाषा हिंदुस्थानी आहे, हेही अर्थपूर्ण आहे.

एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. छावणीमागोमाग निरनिराळ्या प्रांतांतील शिपाई, पुरवठादार आणि सावकार आले. १८६० च्या दशकापासून रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालना परिसरात ख्रिस्ती मिशनचे कार्य केले आणि शहराजवळ बेथेल ही वसाहत स्थापन केली. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाला आणि मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्यांना नवे बळ मिळाले. जुन्या जालन्यातील आनंदी स्वामींची आषाढी एकादशीची यात्रा, दर्ग्यांचे उरूस, गुरू गणेश तपोधाम येथे येणारे जैन भाविक हे सर्व या स्थलांतरांतून घडलेल्या नगरजीवनाचे पैलू होत.

हत्ती रिसाला : नावातील इतिहास

या नगरजीवनाचे सर्वांत ठसठशीत सार्वजनिक रूप म्हणजे धुलिवंदनाच्या दिवशी निघणारी 'हत्ती रिसाला' मिरवणूक. निजाम राजवटीपासून चालत आलेल्या या शतकाहून जुन्या परंपरेत लोकांमधीलच एक जण 'राजा' होऊन हत्तीवर बसतो आणि जमलेल्या नागरिकांवर रेवड्यांची उधळण करतो.

या मिरवणुकीच्या नावाचे विश्लेषण उद्बोधक ठरते. 'हत्ती' हा शब्द संस्कृत 'हस्तिन्'पासून आलेला आहे. 'रिसाला' हा अरबी-फारसी परंपरेतून आलेला आणि घोडदळाच्या तुकडीसाठी दख्खनमध्ये रूढ झालेला शब्द आहे. सण हिंदू पंचांगातील, लष्करी संज्ञा फारसी परंपरेतील आणि पार्श्वभूमी छावणीच्या शहराची, असा हा मेळ आहे. १९०३ मध्ये हैदराबाद कंटिन्जंट ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झाले. १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपुष्टात आली. खरा रिसाला गेला, खरा राजा गेला. लोकांनी उभा केलेला रिसाला आणि एका दिवसाचा राजा मात्र टिकून राहिला. सत्तेच्या थाटाची अशी खेळकर नक्कल दरबारात होऊ शकत नाही, ती बाजारपेठेतच होऊ शकते.

वर्गणीवर उभ्या राहिलेल्या उत्सवांत गणेशोत्सव आणि १४ एप्रिलची डॉ. आंबेडकर जयंती यांचाही समावेश करावा लागेल. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रदीर्घ लढा आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार यानंतर मराठवाड्यात आंबेडकर जयंतीला केवळ स्मरणदिनापेक्षा व्यापक अर्थ प्राप्त झाला. भीमगीते आणि शाहिरी यांची परंपरा प्रामुख्याने वस्त्यावस्त्यांतील सामान्य कुटुंबांच्या योगदानावर जगली आहे.

शासकीय महोत्सव आणि लोकोत्सव

येथे वेरूळ-अजिंठा महोत्सवाशी तुलना करणे उचित ठरेल. पूर्वी वेरूळच्या कैलास लेण्याच्या परिसरात होणारा हा महोत्सव पुढे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील सोनेरी महालात होऊ लागला. नामवंत गायक, वादक व नर्तक यांची कला मराठवाड्यातील रसिकांपर्यंत पोहोचविण्याचे मोठे श्रेय या महोत्सवाला आहे. तथापि, २०१६ नंतर तो खंडित झाला आणि २०२३ मध्येच पुन्हा सुरू होऊ शकला. या खंडामागे कोरोनाचा काळही होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही अनुदान व प्रशासकीय निर्णय यांवर अवलंबून असलेला महोत्सव एका निर्णयाने थांबू शकतो, हा धडा उरतोच. लोकोत्सवात खंड पडला, तर लोक स्वतःच त्याचा पुन्हा प्रारंभ करतात.

याचा अर्थ लोकाश्रय निर्दोष आहे, असा नव्हे. समुदायाच्या उत्सवात समुदायातील उतरंडही उतरते. कोण वर्गणी देतो, कोण राजा होतो आणि कोण केवळ पाहतो, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. या बाबतीत सांचीचे दानलेख मापदंड ठरू शकतात. तेथे स्त्रियांनी स्वतःच्या नावाने दान दिले आणि ते नाव दगडावर राहिले. आजच्या उत्सव समित्यांच्या कार्यकारिणीत स्त्रियांची व वंचित घटकांची किती नावे आहेत, यावर त्या समित्यांची बहुसांस्कृतिकता तपासावी लागेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, जालना जिल्ह्याचा वारसा व्यापार, लष्कर आणि स्थलांतर यांतून घडला असून तो कोणत्याही एका धर्माचा वा भाषेचा नाही. दुसरी, राजाश्रयाचे साहाय्य असले तरी येथील कला व उत्सव प्रामुख्याने नगरसमुदायाच्या लहान लहान योगदानांतून टिकले. तिसरी, दगडावरील दान वाचता येते, परंतु वर्गणीच्या वह्या, निमंत्रणपत्रिका, जुनी छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी कोणी जपल्या नाहीत तर त्या नष्ट होतात. भोगवर्धनच्या दात्यांविषयी दोन हजार वर्षांनंतर जितके सांगता येते, तितकेही शंभर वर्षांपूर्वीच्या वर्गणीदारांविषयी उद्या सांगता येणार नाही, अशी स्थिती निर्माण होऊ शकते.

हे काम मोठ्या निधीची वाट पाहणारे नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी, उर्दू, हिंदी व समाजशास्त्र विभागांनी पदव्युत्तर प्रकल्पांच्या माध्यमातून एकेका उत्सवाचा, एकेका पेठेचा मौखिक इतिहास नोंदवला, तर काही वर्षांत जिल्ह्याचा सांस्कृतिक दप्तरखाना उभा राहील. भोकरदनच्या विद्यार्थ्याला पॉम्पेईच्या मूर्तीची ओळख आपल्या गावाच्या संदर्भात होणे आणि जालन्याच्या विद्यार्थ्याला 'रिसाला' या शब्दाचा अर्थ कळणे, येथून त्याचा आरंभ करता येईल.