शेवटचा तास

३१ डिसेंबर १९००. व्हिएन्ना, बर्गगासे १९. जिना चढू नका, डॉ. फ्रॉइड यांचा दवाखाना सध्या तळमजल्यावर आहे, बिऱ्हाड वर. सिगारचा वास खोलीत असा मुरलाय की तुमच्या कपड्यांनाही लागणार. गालिचा टाकलेल्या कोचावर अठरा वर्षांची मुलगी पडली आहे. डॉक्टर तिच्या डोक्यामागे, तिला दिसणार नाहीत असे बसलेत. तुम्ही कोपऱ्यात उभे राहा.

पुढे पुस्तकात तिचं नाव ‘डोरा’ होईल. खोकला, मधूनच बसणारा आवाज, घरच्यांना सापडलेली आत्महत्येची चिठ्ठी. वडिलांनीच तिला इथे आणलं. त्यांचं ज्या बाईशी सूत आहे, तिच्या नवऱ्याने तळ्याकाठी हिच्याशी लगट केली आणि हिने त्याच्या थोबाडीत मारली. मोठ्यांनी ठरवलं, पोरीच्या मनाचे खेळ.

आज आल्या आल्या तिने सांगितलंय, हा शेवटचा दिवस. कधी ठरवलंत? पंधरा दिवस झाले असतील. डॉक्टर म्हणतात, मोलकरीण किंवा गव्हर्नेस नोटीस देते तशीच ही मुदत! (झोंबलंय त्यांना, आवाज ऐका.) आणि तिला त्या गृहस्थाच्या घरची गव्हर्नेस आठवते. त्याने तिलाही नादी लावून सोडलं होतं, तिनेही नोटीस दिली होती.

नव्या वर्षाच्या मनापासून शुभेच्छा देऊन ती जाते.

१ एप्रिल १९०२ ला या. ती परत आली आहे, दुखणं घेऊन. चेहरा पाहूनच डॉक्टर ठरवतात, हिला खरी मदत नकोच. तरी माफ करण्याचं आश्वासन देतात.

१९०५ मध्ये छापलेल्या वृत्तांताच्या शेवटी मात्र ते चूक कबूल करतात. तिला घर पेटल्याचं स्वप्न पडे, जाग आल्यावर धुराचा वास येई. वडील, तो गृहस्थ आणि डॉक्टर, तिघेही धूम्रपानाचे शौकीन. माझ्यात तुम्हाला तो दिसतो का, हे वेळेवर विचारायला हवं होतं. त्याच्यावरचा सूड तिने आठवून सांगितला नाही, डॉक्टरांवर उगवला. ट्रान्सफरन्स म्हणतात ते हेच. नुसतं ‘डॉक्टर वडिलांसारखे वाटतात’ एवढ्यावर तो शब्द वापरणं म्हणजे निम्मा अर्थ गाळणं.

रुग्णामुळे डॉक्टरच्या मनात जे उसळतं त्याला जाहीरपणे काउंटर-ट्रान्सफरन्स म्हणायला १९१० उजाडतं. नोटिशीचा टोमणा आणि ती माफी, माझ्या मते दोन्ही त्याच खात्यात जमा.