अर्क आणि खल : तळाशी बसणाऱ्या औषधाची गोष्ट

वडोदऱ्याच्या औषधधंद्याचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण सगळे एकाच ठिकाणाहून सुरुवात करतो. १८९० साली महाराज सयाजीरावांनी कलाभवन काढलं. बडोदा कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख झाले. १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन या तिघांच्या खटपटीतून अलेम्बिक केमिकल वर्क्स उभं राहिलं. अलेम्बिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचं भांडं. कारखान्याची सुरुवात टिंक्चर आणि अल्कोहोलपासून झाली, त्यामुळे नाव अगदी साजेसं होतं. अर्क काढायचा, गाळायचा, बाटलीत भरायचा. उजेडात धरली तर बाटली आरपार दिसते, पहिला चमचा आणि शेवटचा चमचा सारखाच.

आज मला दुसऱ्या भांड्याविषयी लिहायचं आहे. ते म्हणजे खल. त्यातून निघणारं औषध गढूळ असतं, तळाशी बसतं आणि बाटली हलवल्याशिवाय घेता येत नाही. पाठ्यपुस्तकात त्याला निलंबन म्हणतात, दुकानात सस्पेन्शन. दिसायला कमी प्रतीचं वाटलं तरी औषधशास्त्रातला एक मोठा धडा याच गढूळ बाटलीत आहे.

मुळात अडचण साधी आहे. पुष्कळ औषधं पाण्यात विरघळतच नाहीत. गोळी गिळू शकेल त्याला गोळी देता येते. पण तान्ह्या बाळाला काय देणार? आपल्या घरांत याचं उत्तर फार जुनं आहे. बाळगुटी उगाळताना आजी सहाणेवर वेखंड, हळकुंड, हिरडा, मायफळ यांचे वेढे मोजून घ्यायची, कुणाचा एक, कुणाचे दोन. ती मोजणी म्हणजेच मात्रा. उगाळलेलं लगेच दुधातून चाटवायचं, तळाशी बसायला त्याला वेळच द्यायचा नाही. वैद्यांकडे चूर्ण वस्त्रगाळ करून मधातून चाटण देत. मध दाट, त्यामुळे त्यात चूर्ण सहज खाली बसत नाही. बोटांच्या रेषांत भरेल इतकं बारीक भस्म ते ‘रेखापूर्ण’ आणि पाण्यावर तरंगेल ते ‘वारितर’, अशा रसशास्त्राच्या कसोट्याही आहेत. बारीक वाटणं, दाट माध्यम आणि ताजं देणं या तिन्ही युक्त्या आपल्याला ठाऊक होत्या.

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, त्यामुळे सूत्र दिसल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे सूत्र १८५१ साली जॉर्ज स्टोक्स यांनी मांडलं. द्रवात कण किती वेगानं खाली जाईल, हे कणाच्या त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतं. त्रिज्या निम्मी केली तर वेग एक चतुर्थांश होतो, दहावा हिस्सा केली तर शंभरावा. कण आणि द्रव यांच्या घनतेतला फरक जितका मोठा तितका वेग जास्त, आणि द्रव जितका दाट तितका वेग कमी. वस्त्रगाळ चूर्ण आणि मध, दोन्ही या एका ओळीत बसतात. नदीचा गाळ, पंपातली स्लरी आणि मुलाच्या तापाचं औषध यांना एकच नियम लागू होतो, याची मला अजूनही गंमत वाटते.

आता आपल्या गावांतल्या जुन्या दवाखान्यात चला. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि आतल्या खिडकीतून कंपाउंडर औषध द्यायचा. बाटली रोग्यानं घरूनच आणायची. जुलाबावर खडूचं मिक्श्चर प्रसिद्ध होतं. त्यात शुद्ध केलेला खडू, साखर, ट्रॅगाकँथ नावाचा डिंक आणि दालचिनीचं पाणी असे. खडू पाण्याच्या पावणेतीनपट जड, त्यामुळे नुसत्या पाण्यात तो खाली बसणारच. त्याला धरून ठेवायचं काम डिंकाचं.

कंपाउंडरच्या हिशेबात पावडरींच्या दोन जाती होत्या. मॅग्नेशियम कार्बोनेट किंवा हलका केओलिन यांच्यासारखी पावडर हलवली की पाण्यात नीट पसरते आणि मात्रा ओतून घेईपर्यंत तशीच राहते. तिला डिंकाची गरज नाही. दुसरी जात खडू, ॲस्पिरिन यांच्यासारखी, जी हलवूनही पुरेसा वेळ टिकत नाही. हिच्यासाठी ट्रॅगाकँथची मिश्र पूड वापरत. शंभर भागांत ट्रॅगाकँथ १५, बाभूळवर्गातला अकेशिया डिंक २०, स्टार्च २० आणि साखर ४५, असं तिचं प्रमाण. औंसाला दहा ग्रेन पुरे.

कृती ठरलेली असे. औषध खलात बारीक करायचं, डिंकाची पूड त्यात घोटायची, थोडं थोडं पाणी घालून गुठळी न राहील अशी लापशी करायची. मग ती ओतण्याजोगी पातळ करून मलमलीतून गाळायची, खल धुवून ते पाणीही त्यातच घ्यायचं आणि शेवटी माप पुरं करायचं. पाणी एकदम ओतलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. पिठलं करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. गंधकासारखी पूड तर पाणी अंगाला लावूनच घेत नाही, वर तरंगत राहते. तिला आधी ग्लिसरीनच्या थेंबांत घोटून ओली करावी लागते.

इथे एक देशी धागा आहे. अकेशियाला पर्याय म्हणून धावड्याचा डिंक ब्रिटिश फार्माकोपियाच्या १९०० सालच्या भारतीय आणि वसाहती पुरवणीत अधिकृतपणे आला. बाळंतिणीच्या लाडवांतला डिंक असा सरकारी दवाखान्याच्या फडताळात जाऊन बसला.

या सगळ्या खटाटोपाला कंटाळून औषध कसंही करून विरघळवायचंच, असा हट्ट धरला तर काय होतं, याचं उत्तर १९३७ साली अमेरिकेत मिळालं. सल्फानिलामाइड हे तेव्हाचं नवं गुणकारी औषध गोळी आणि पुडीच्या रूपात मिळत होतं. ते पाण्यात फार थोडं विरघळतं. टेनेसी राज्यातल्या मॅसेनगिल कंपनीला त्याचं पातळ औषध हवं होतं. त्यांच्या रसायनतज्ज्ञानं ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. रंग, वास, चव सगळं तपासलं, विषारीपणा मात्र तपासला नाही. तशी कायद्याची सक्तीही नव्हती. शंभराहून अधिक माणसं दगावली, त्यांत कित्येक मुलं होती. औषध चांगलं होतं, माणसं मेली ती द्रावकानं. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत नवा औषध कायदा आला.

आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीनं १९३०-३१ मध्येच औषधांच्या दर्जाची चौकशी केली होती. त्यातून पुढे १९४० चा औषध कायदा आला. तरी तेच ग्लायकॉल १९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून शिरलं आणि १४ रुग्ण गेले. लेंटिन आयोग नेमला गेला तो याच प्रकरणी.

सल्फा औषधं पुढे पातळ रूपात आलीच, पण पाण्यात, डिंकासारख्या पदार्थांच्या आधारानं, सस्पेन्शन म्हणून. आजही मुलांना देतात त्या को-ट्रायमॉक्साझोलच्या ५ मिलीमध्ये २०० मिलिग्रॅम सल्फामेथॉक्साझोल आणि ४० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम असतं. जे विरघळत नाही ते विरघळत नाही हे कबूल करायचं आणि त्याप्रमाणे बाटली बांधायची, हाच खलाचा मार्ग.

पण या कबुलीची एक किंमत आहे. अपस्माराच्या रोग्याला फेनिटॉइनचं सस्पेन्शन देतात. बाटली न हलवता वरचं वरचं दिलं तर पहिले दिवस औषध कमी पडतं आणि झटके येत राहतात. तळाशी आलो की तोच चमचा जास्तीचा होतो, रोगी झोकांड्या खायला लागतो. बाटली तीच, चमचा तोच, पण आधी उपास आणि नंतर विषबाधा.

मग कण अगदी बारीक करून ते बसूच द्यायचे नाहीत, असं कुणी म्हणेल. तिथेही मेख आहे. सुटे सुटे बारीक कण सावकाश बसतात, पण एकमेकांत घट्ट रचले जातात आणि तळाशी सिमेंटसारखा थर होतो. मग कितीही हलवा, उठत नाही. म्हणून आता बरेचदा कणांचे सैल पुंजके मुद्दाम होऊ देतात. ते लवकर बसतात, वर स्वच्छ पाणी दिसतं, पण दोन हिसक्यांत सगळं पुन्हा एक होतं. तेव्हा बाटलीत वर पाणी दिसलं म्हणून औषध बिघडलं असं समजू नका. हलवल्यावर सगळं उठतं का, ते बघा.

थोडक्यात, सस्पेन्शन कारखान्यात पुरं होत नाही. त्याची शेवटची कृती रोग्याच्या घरात होते, आणि ती सांगणारं लेबल हा औषधाचाच भाग असतो. आता योगायोग बघा, बडोदा राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू झालं १९०६ साली, अलेम्बिकच्या आदल्या वर्षी. औषध करणारा आणि लेबल वाचणारा या दोघांचीही सोय एकाच राजवटीनं लावली. न वाचणाऱ्यासाठी कंपाउंडरची युक्ती होतीच. कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं खाचा पाडायच्या आणि ती बाटलीला चिकटवायची, एक खाच म्हणजे एक मात्रा. देताना ‘हलवून घ्या हं’ हे तोंडी, मराठी माणसाला मराठीत, गुजरात्याला गुजरातीत.

आज प्रतिजैविकाची कोरडी पूड येते. घरी उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं आणि बहुधा सात दिवसांत संपवायचं. ही सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत असते आणि ती पाळायची असते घरातल्या आजीला. बाळगुटीचे वेढे बिनचूक मोजणारी तीच आजी इथे अडते. कलाभवनाच्या गावाला हे शोभत नाही. दुकानदारानं खिडकीतून तेवढं एक वाक्य आपल्या भाषेत सांगायला काही खर्च येत नाही.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी जुन्या खाचांच्या पट्टीची बाटली, दवाखान्याचा खल, कंपाउंडरची वही असं काही असेल तर रद्दीत देऊ नका. फोटो काढून मंडळाकडे पाठवा. अर्काच्या भांड्याचा इतिहास कारखान्याच्या नावातच जपला गेला आहे, खलाचा मात्र आपल्यालाच जपावा लागेल.